येसूकाकूंची गुलाबदाणी

काळगावात होत्या एक येसूकाकू, होता त्यांचा लेक रंगनाथ, आणि दोघांचं पोट होतं एका मंगल कार्यालयावर. साथ आली नि मागोमाग सरकारचा नियम आला: कार्यालयात सुरक्षा अधिकारी नेमा, नाहीतर कुलूप. रंगनाथनं आईलाच नेमलं. काकू नेहमीसारख्या चांदीची गुलाबदाणी घेऊन दारात उभ्या राहिल्या, फक्त आत गुलाबपाण्याऐवजी सॅनिटायझर भरलं.

ऐन लग्नाच्या दिवशी तालुक्याचे धारवाडकर साहेब तपासणीला आले. मास्क हनुवटीवर.

"साहेब, मास्क वर घ्या." साहेबांनी घेतला. गुलाबदाणी दिसताच सवयीनं हातही पुढे केले.

"नीट चोळा, बोटांच्या मधेसुद्धा." साहेबांनी चोळले, वास घेतला नि दचकले.

मग गुरगुरले, "अधिकारी कुठाय तुमचा?"

"मीच की."

"तुम्ही? अहो आजीबाई, तुमचं ऐकणार कोण? कुलूपच लावतो!" साहेबांनी पिशवीतून कुलूप काढलं.

काकू ताठ मानेनं म्हणाल्या, "गावाचं राहू द्या, साहेब. आल्यापासून तुम्ही कुणाचं ऐकताय?"

सगळा मांडव हसला. साहेबांनी कुलूप परत पिशवीत टाकलं नि काकूंना हात जोडले.

ते लग्न थाटात लागलं. पुढं पंचक्रोशीत कार्य निघालं, की लोक आधी विचारायचे, "दारात येसूकाकू आहेत ना?" रंगनाथच्या कार्यालयाला मग एकही तारीख मोकळी राहिली नाही.