सुभेदाराचे दोन सच्चे साक्षीदार

"विहीर माझ्या नवऱ्याने खणली, आणि पाणी तुमच्या आंघोळीच्या हमामाला?" हाजराबी भर न्यायसभेत कडाडली.

सुभेदार दिलावरखान हसला. "म्हातारे, शरीयतीला दोन सच्चे साक्षीदार लागतात. हे माझे दोन शिपाई शपथेवर सांगतील, विहीर सरकारची आहे."

हाजराबीच्या बाजूने बोलायला गावात कुणाची हिंमत नव्हती. पण अक्कल तिला कुणाकडून उसनी आणावी लागत नव्हती.

काझी म्हणाले, "साक्षीदार सच्चे आहेत का, हे आधी तपासणं माझं काम. बाई, तुझी काही हरकत?"

शिपाई धन्याच्या तोंडाकडे बघत होते. हाजराबीने ते टिपलं.

"काझीसाहेब, यांना सुभेदारांसमोरच विचारा, धन्याच्या हातून आजवर एकतरी चूक झाली का? 'नाही' म्हणाले तर खोटारडे, कारण न चुकणारा एक अल्लाच, आणि 'हो' म्हणायची छाती असेल, तर विहीर मी आत्ता सोडते!"