केरबा तांबटाचे चकचकीत टायर

एका गावात एक तांबट राहत होता. गावाचं नाव विसरलात तरी चालेल, तांबटाचं विसरू नका. त्याचं नाव केरबा. सारा गाव त्याला अण्णा म्हणायचा. हंडे, कळशा, घंगाळी घडवण्यात त्याची हयात गेली होती.

केरबाचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. तांबं म्हणे कधी म्हातारं होत नाही. पणजीच्या काळातला काळाठिक्कर पडलेला हंडा आणा, चिंच-मीठ लावून घासा, की तो कालच घडवल्यासारखा लखलखतो. भांडं शाबूत आहे की चिरलंय, हे तो नुसती टिचकी मारून सांगायचा. पन्नास वर्षांत त्याचा अंदाज एकदाही चुकला नव्हता. आणि जो माणूस आपल्या धंद्यात कधीच चुकत नाही, त्याला हळूहळू वाटायला लागतं, की जगातल्या सगळ्या वस्तू आपल्याच धंद्यातल्या आहेत.

केरबाला एकुलती एक लेक होती, सुगंधा. तिची आई लवकर गेली. केरबानंच तिला वाढवलं आणि लांबच्या गावी दिली. तिकडून यायला एसटी होती, पण वाटेत दोनदा गाडी बदलावी लागे, आणि सुगंधाला तर एसटीत पाय ठेवला की मळमळायला लागे. म्हणून केरबा उतारवयात मोटार चालवायला शिकला. त्यानं एक जुनी पांढरी मोटार घेतली, तिच्या चारी चाकांना आणि जादाच्या पाचव्यालाही नवे टायर घातले, आणि दरवर्षी पंचमीला, दिवाळीला स्वतः जाऊन लेकीला माहेरी आणू लागला.

मग सुगंधाची सासू अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळली. घरात करणारी सुगंधा एकटी. सासूला कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं, रात्रीतून तीनदा उठायचं. माहेरपण बंद झालं. एक वर्ष गेलं, दोन गेली, तीन गेली. पोरगी सोशिक. फोनवर कधी कुरकुरली नाही. एकदाच बोलून गेली, "अण्णा, मी तुमच्याकडे आले ना, की आठ दिवस नुसती झोपणार आहे. मला कुणी हाक मारायची नाही."

ते बोलणं केरबाच्या काळजात रुतून बसलं. त्याला जेवताना ते आठवे, भांडं ठोकताना आठवे. लेकीला आठ दिवस झोपू द्यायचं, तिच्या झोपेची राखण करायची, याहून मोठी इच्छा त्याला उरली नव्हती.

मोटार तीन वर्षं पत्र्याखाली एका जागी उभी होती. उभी होती म्हणजे पडून होती असं समजू नका. केरबा रोज सकाळी तिला पुसायचा, इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचा. टायरांना फडक्यानं तेल चोळायचा, इतकं, की त्यांत तोंड दिसावं. मग प्रत्येक टायरला एक टिचकी. टायर काही हंड्यासारखा वाजत नाही, पण केरबाच्या कानाला तो ठणठणीत वाटायचा. ज्याला ऐकायचंच असतं, त्याला ऐकू येतं. दसऱ्याला झेंडूची माळ, चारी चाकांखाली चार लिंबं. आळीतले लोक चिडवायचे, "अण्णा, पूजा रोजची, पर देव काय जागचा हलंना!"

केरबा हसून सोडून द्यायचा. पण आळी निवांत झाली, की तो मोटारीत जाऊन बसायचा. हात स्टिअरिंगवर ठेवायचा आणि मनातल्या मनात निघायचा. फाटा, खिंड, नदीवरचा पूल, सुगंधाच्या दारातला कडुनिंब. शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून विचारायचा, "बसलीस का गं नीट?" मग डोळे पुसून खाली उतरायचा.

अखेर एक दिवस फोन आला. सुगंधाची नणंद आईची सेवा करायला आठ दिवसांसाठी येणार होती. बरोबर आठच दिवस, नवव्या दिवशी तिला तिच्या घरी परतायचं होतं.

"गुरुवारी वन्सं येतायत," सुगंधा म्हणाली. "त्याच दिवशी न्यायला याल ना, अण्णा?"

केरबाच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. त्यानं गादी उन्हात टाकली, तिला नवा अभ्रा घातला. लेकीच्या झोपेत ठकठक नको म्हणून आपली हातोडी गुंडाळून माळ्यावर ठेवून दिली. गुरुवारी उजाडता उजाडता तो मोटार घेऊन निघाला आणि हवा भरून घ्यायला फाट्यावरच्या शेवंताबाईच्या दुकानासमोर थांबला.

शेवंता पंक्चर काढायची. नवऱ्यामागं दहा वर्षं दुकान तीच चालवत होती. तोंडाची फटकळ, पण हाताची चोख. तिनं हवा मोजली, तर निम्मीच निघाली. मग ती चाकापाशी उकिडवी बसली, फडक्यानं तेल पुसलं आणि टायरची कड अंगठ्यानं दाबून बघितली. आटलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा बारीक भेगा तिथं उमटल्या होत्या.

"अण्णा, टायरला त्याल लावता व्हय?"

"रोज लावतो. बघ की कसा चकाकतोय! खोबणीसुद्धा झिजली न्हाई कुठं."

"झिजायला आधी पळायला पायजे. ह्यो उभ्या उभ्या म्हातारा झालाय. वर त्यालानं रबर नासलंय." तिनं केरबाचं बोट धरून टायरच्या कडेला छापलेल्या चार आकड्यांवर टेकवलं. "ह्ये पयले दोन आकडे आठवड्याचे, मागचे दोन सालाचे. आठ वर्सं झाली ह्येला. लेकीचं जलमसाल ध्यानात ठेवता, मग ती ज्याच्यावर बसणार त्याचं नको ठेवायला?"

तिनं चारी चाकं बघितली, डिकीतलं जादाचं पाचवंही बघितलं. सगळी एकाच वयाची, सगळ्यांना भेगा.

"ह्याच्यावर लांबचा पल्ला मारू नका," ती म्हणाली. "तालुक्यासनं नवे मागवते. उद्या सांजच्याला चढवून देते."

"उद्या?" केरबाचा आवाज चिरकला. "अगं, आठच दिवस हायेत तिला!"

"आठाचे सात व्हतील. पर सात तरी व्हतील."

"तीन वर्सं वाट बघितली मी, शेवंता."

"तीन वर्सं थांबलासा, मग एका दिसानं काय हुतंय? न्हाईतर दुसऱ्या कुणाची गाडी घिऊन जावा."

हे मात्र केरबाला झोंबलं. तीन वर्षं ज्या मोटारीला लेकीसाठी पुसलं, ती घरी ठेवून परक्याची गाडी न्यायची? तो चाकापाशी वाकला. शेवंता सांगत होती ते खरं असेल, असं क्षणभर त्याला वाटलंही. पण समोरचा टायर काळाभोर चमकत होता, खोबणी कोरी करकरीत होती, आणि तिकडे सुगंधा वाट बघत होती. त्यानं एक टिचकी मारली. ठणठणीत! निदान त्याला तरी तसंच वाटलं.

"देवाचं नाव घिऊन जातो," तो म्हणाला. "सावकाश जाईन."

शेवंता आणखी काय करणार? तिनं मोजून हवा भरली आणि बजावलं, "चाळिसाच्या वर जाऊ नका. अर्ध्या तासाला थांबा, चाकं निवू द्या. आन् पोरीला ह्याच्यात बसवू नका, तिथंच टायर बदलून घ्या."

पहिला तासभर केरबानं तिचं सगळं ऐकलं. खिंड आली, खिंड गेली. ऊन वर चढलं. डांबर तापलं. एवढ्यात फोन वाजला. केरबानं गाडी कडेला घेतली.

"अण्णा, कुठवर आलात?" सुगंधा विचारत होती. तिचा आवाज लहानपणी जत्रेला जाताना व्हायचा तसा झाला होता. "मी पिशवी भरून ओट्यावर येऊन बसलेय. वन्सं म्हणतात, आत ये, ऊन लागेल. पण मला आत जावंसंच वाटत नाही."

"आलो गं बाळा! आलोच!"

आता चाळीस कुठलं आणि चाकं निवणं कुठलं? केरबाचा पाय दाबत गेला. चाळिसाचे साठ झाले, साठाचे ऐंशी. नदीवरचा पूल मागं पडला. त्याला कडुनिंब दिसायला लागला होता, ओटा दिसायला लागला होता, ओट्यावरून धावत येणारी सुगंधा दिसायला लागली होती. आणि पुढचा डावा टायर फुटला.

हातातलं स्टिअरिंग कुणीतरी हिसकावून घ्यावं तसं फिरलं. मोटार रस्ता सोडून बाभळीवर आदळली. दैव बलवत्तर म्हणून जीव वाचला, पण उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. शेतातल्या माणसांनी त्याला बाहेर ओढलं आणि जवळच्या गावातल्या दवाखान्यात पोचवलं, त्याच्या फोनवरून सुगंधाला कळवलं.

सुगंधा एसटीनं, उलट्या करत, तीच भरलेली पिशवी घेऊन दवाखान्यात आली. बापाला बघून रडली. मग तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि कामाला लागली. केरबाचं म्हणावं असं जवळचं माणूस म्हणजे एक पुतण्या. तो लांब नोकरीला. त्याला यायला आठवडा लागणार होता.

म्हणजे बघा, काय झालं. जी पोर तीन वर्षं एका खाटेपाशी उभी होती, तिला आठ दिवसांची सुटका मिळाली, आणि ती दुसऱ्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. केरबाला कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं, रात्रीतून तीनदा उठायचं.

"सुगंधा, तू घरी जा," केरबा रोज म्हणायचा. "गादी घालून ठेवलीय. झोप जा."

"आणि तुम्हाला कोण बघेल?" ती विचारायची.

सातव्या दिवशी दुपारी ती स्टुलावर बसल्या बसल्या पेंगली. तिचं डोकं हळूहळू कलंडलं आणि केरबाच्या तळहातावर येऊन टेकलं. तिला गाढ झोप लागली.

केरबानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. कानाजवळ चार केस पांढरे झाले होते. पोर केवढी थकली होती! त्याचा जीव तुटला. परिचारिका औषध घेऊन आली, तेव्हा त्यानं ओठावर बोट ठेवलं. ती बिचारी पाऊल न वाजवता परत गेली. लेकीच्या डोक्याखालचा हात बधिर झाला, त्यानं हलवला नाही. पायातून कळा येत होत्या, त्यानं पांघरुणाचं टोक दातांत धरलं. घसा कोरडा पडला होता, पाण्याचा तांब्या हाताच्या अंतरावर होता, तरी तो तसाच पडून राहिला. एवढंच माहेरपण आता त्याच्या हातात उरलं होतं, आणि ते त्याला मोडायचं नव्हतं. पाऊण तास त्यानं लेकीची झोप राखली.

मग कोरड्या घशातून खोकला आलाच.

सुगंधा दचकून उठली. डोळे पुरते उघडायच्या आधी ती पायांवर उभी होती. "काय हवं? पाणी देऊ? कूस बदलायची का?"

"काही नको गं बाळा," केरबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "झोप तू. झोप."

पण तिनं तोवर पेल्यात पाणी ओतलं होतं. दुसऱ्या दिवशी पुतण्या आला, आणि सुगंधा एसटीनं सासरी परत गेली.

तात्पर्य: टायरची चमक आणि खोबणी बघून फसू नये. त्याचं वय, त्यातली हवा आणि त्याच्या भेगा निघण्याआधीच तपासाव्यात. आपल्या माणसाच्या ओढीनं एक दिवस वाचवायला जो धोका पत्करतो, तो त्याच माणसाचे सगळे दिवस घालवून बसतो.