ठमायची पंगत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, माझ्या आजोबांनाही ती फार वर्षांपूर्वीची म्हणूनच सांगितली गेली होती. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, गावाला रस्ता नव्हता आणि टेंभरखारात कुणाच्याही घरात घड्याळ नव्हतं. वेळ बघायची झाली तर लोक खाडीकडे बघत.

आधी गाव कसं आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं आणि दोघांच्या मध्ये मातीचा बांध. भरतीला बांधावर उभं राहिलं तर एकीकडे पाणी पायाला लागतं आणि दुसरीकडे भात कमरेइतकं खाली दिसतं. बांध फुटून वाट पडली की तिला आमच्याकडे खांड म्हणतात. खांड गेली आणि खारं पाणी आत शिरलं की त्या जमिनीत तीन वर्षं दाणा होत नाही. तीन वर्षं भातावाचून कोण काढणार? आमच्या शेजारचं एक गाव असंच उठून गेलं. आता तिथे नुसती कांदळाची झाडं आहेत.

तर या टेंभरखारात ठमा नावाची मुलगी लग्न होऊन आली. पुढे सगळे तिला ठमाय म्हणू लागले, पण त्याला अजून अवकाश आहे. ती डोंगराकडच्या गावची, खाडी कधी न पाहिलेली. असं म्हणतात, की पहिल्या उधाणाला ती बांधावर गेली, वर आलेलं पाणी बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "या पान्याला कुनी सांगितलाय का, आपन इथं राहतो म्हनून?" नवऱ्याला इतकं हसू आलं की उचकी लागली.

नवऱ्याचं नाव चांग्या. तो बांधाचा राखणदार होता. रोज बांध चालायचा आणि खेकड्यांची बिळं बुजवायची, हे त्याचं काम. बोटाएवढ्या बिळातून पाणी झिरपायला लागतं आणि त्याचीच पुढे खांड होते. ठमाही त्याच्यामागून जायची. दुपारी दोघं बांधावर बसून भाकरी खायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, शेत म्हणाल तर बांधाला लागून असलेला एकच तुकडा, पण दोघांचं हसणं पार उघाडीपर्यंत ऐकू यायचं. उघाडी म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायची लाकडी झडप.

त्या उघाडीपाशी एक पितळी थाळी टांगलेली असे. ती वाजली की खांड गेली असं समजायचं आणि असेल तिथून धावायचं. मग चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे आणि खांड बुजेपर्यंत बुड टेकायचं नाही, असा गावाचा नियम होता. खायचं नाही, पाणी प्यायचं नाही. जो बसला त्याला जन्मभर टोमणे. हा नियम कुणी केला ते माहीत नाही, पण करणारा स्वतः जेवून आला असणार असं माझं मत आहे.

लग्नाला चार वर्षं झाली आणि एका अमावास्येला थाळी वाजली. चांग्या सगळ्यांच्या पुढे, खांडीच्या तोंडाशी उभा होता. सकाळपासून चिखल टाकणं चाललं होतं आणि पाणी तो नेत होतं. ठमा फडक्यात भाकरी बांधून आली आणि बांधावर उभी राहिली. चांग्याने भाकरीकडे बघितलं, हसला आणि म्हणाला, "बुजू दे गो, मंग खातो."

खांड बुजली, पण संध्याकाळी. शेवटचे गोळे घालताना चांग्याच्या पायात जीव राहिला नव्हता. त्याचा पाय घसरला आणि उतरत्या पाण्याने त्याला खाडीत ओढून नेलं. दिवसभर ताठ उभ्या राहिलेल्या माणसांपैकी एकाच्याही हातात त्याला धरण्याइतका जोर नव्हता. ठमा ती भाकरी तशीच घेऊन घरी आली. 

गावाला वाटलं, ही आता माहेरी जाईल. ती गेली नाही. तेराव्यानंतर तिने चांग्याचं फावडं घेतलं आणि बांध चालायला लागली. असं म्हणतात, की ती बांधाला कान लावायची आणि आत खेकडा कुठे उकरतोय ते तिला ऐकू यायचं. मला हे जरा जास्तच वाटतं, पण एक गोष्ट खरी असावी. ती रोज भरतीला बांधावर बसून राहायची, पाणी कधी चढतं, कुठे थांबतं, कधी परततं ते बघत. आणि बघता बघता सावकाश जेवायची. वारा आला तर पदर सोडून वारा घ्यायची. चिखलावर निवट्या उड्या मारतात ना, तो एवढासा डोळे वटारलेला मासा, त्याच्याकडे बघून एकटीच हसायची.

हे गावाला खटकलं. नवरा गेलेली बाई, ज्या पाण्याने नेला त्याच पाण्यासमोर बसून जेवते आणि वर हसते! गावाचा मुख्य हाशा पाटील. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांचं बोलणं आपल्या तोंडाने बोलायची त्याला सवय होती. त्याने तिला एकदा बांधावर गाठून विचारलं, "ठमे, तुना जनाची लाज नाय ती नाय, चांग्याची तरी आठवन हाय का?"

ती म्हणाली, "रडते तवा रडते, पाटील. आता निवटी बगते. तुमी पन बसा."

पाटील अर्थातच बसला नाही.

अशी बारा वर्षं गेली. मग ती पिठोरीची अमावास्या आली. श्रावण संपत होता, भात पोटरीला आलं होतं, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती आणि तीन दिवस खाडीकडून वारा थांबला नव्हता. घरोघरी आयांचा पोरांसाठी उपास होता. चुलींवर भाकऱ्या होत होत्या, वालाचं बिरडं शिजत होतं, खिरीची भांडी उतरवून ठेवली होती. सूर्य पुरता वरही आला नव्हता तेवढ्यात थाळी वाजली. खांड गेली होती ती अगदी जुन्या जागी, जिथून चांग्या गेला तिथेच. आणि त्या खांडीच्या समोर आतल्या बाजूला पहिलं शेत होतं ते ठमायचं.

सगळं गाव धावलं. चिखलाचे गोळे पडायला लागले. एक गोळा पडेपर्यंत आधीचा वाहून जात होता आणि खांड रुंद होत चालली होती. भरती पुरी व्हायला अजून बराच अवकाश होता. माणसं ओरडत होती, कुणी रडत होती, एक जण तर घरचा दरवाजा उखडून घेऊन आला होता. पाण्याने तो दरवाजाही नेला.

ठमाय तिथे पोहोचली आणि खांडीकडे न जाता तिच्याकडे पाठ करून आपल्या शेतात उतरली. तिच्या शेताला तिन्ही बाजूंनी गुडघाभर उंचीचा आतला बांध होता. ती म्हणाली, "चिखल तिथं नको, इथं टाका. माझ्या शेताचा बांध कमरेवर न्या. पानी माझ्यात भरू दे, पुडं जाता कामा नये. आन् खांडीची दोन टोकं तेवडी धरा, मधला सोडा."

लोकांना आधी कळलंच नाही.  बाईचा तेवढाच तुकडा होता. पोटरीतलं भात त्यात उभं होतं, आणि ती ते आपल्या तोंडाने समुद्राला देत होती.

लाकडाच्या मेढी ठोकून, पेंढा कोंबून त्यांनी खांडीची टोकं धरली. आतला बांध कमरेएवढा केला. पाणी ठमायच्या शेतात घुसलं आणि भरायला लागलं. आता माणसं पुन्हा खांडीकडे वळणार, तोच मधल्या वेळात गावात गेलेली ठमाय डोक्यावर भाकऱ्यांची टोपली घेऊन परत आली. मागून चार म्हाताऱ्या बिरड्याची आणि खिरीची भांडी घेऊन येत होत्या. ठमाय बांधावर बसली, पदर पसरला आणि त्यावर भाकऱ्या मांडायला लागली.

हाशा पाटलाचा तोल सुटला. "गाव बुडतंय आन् तू जेवाला बसतंस?"

"पाटील, पानी चढतंय का उतरतंय?"

"चढतंय. डोले नाय तुना?"

"चढत्या पान्यात टाकलेला चिखल समिंदर खातो," ती म्हणाली. "त्या दिशी सकालपासून आपन त्याला खायला घातला, आन् चांग्या उपाशी गेला. खांड बुजली ती पानी उतरल्यावर, घटकाभरात. बारा वर्सं मी हेच बगते हाय. उतरंल तवा उठू. तवर जेवा."

कुणी हललं नाही. ठमायने भाकरीचा तुकडा मोडला, बिरड्यात बुडवला आणि खाल्ला. समोर तिचं शेत बुडत होतं. आधी भाताचे बुडखे गेले, मग पानं, मग वरचे शेंडे तेवढे हलताना दिसत राहिले आणि मग तेही दिसेनासे झाले. ती बघत होती आणि जेवत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी ती शेजारच्या म्हातारीला म्हणाली, "मावशे, वाल चांगला शिजलाय गो."

हाशा पाटील तिच्या शेजारी खाली बसला. म्हणजे नक्की कधी बसला ते कुणाला दिसलं नाही, बघितलं तेव्हा तो बसलेला होता आणि त्याच्या हातात भाकरी होती. मग एकेक करून सगळे बसले. बायका मागे उभ्या होत्या, त्यांचा उपास. ठमाय त्यांच्याकडे वळली. "पोरांसाठीच उपास ना? पोरांचा भात वाचवाचाय, हातात जोर लागंल. बसा गो." आणि पिठोरीचा उपास, जो दिवेलागणीशिवाय कधी सुटत नाही, तो टेंभरखारच्या बायांनी भर दुपारी, खारं पाणी समोर ठेवून सोडला.

असं म्हणतात, की पोटात चार घास गेल्यावर कुणीतरी त्या वाहून गेलेल्या दरवाजाची आठवण काढली. आता चोर आला तर घरात शिरायला त्याला किती सोपं, असं काहीसं. आधी एक जण हसला, मग दरवाजाचा मालक हसला, आणि मग तो अख्खा बांध हसायला लागला. असं म्हणतात, की खाडीने ते ऐकलं. आतल्या बांधाच्या काठाला वीतभर उरली असताना पाणी थांबलं. कुणी सांगतात, बगळे येऊन रांगेने बसले. कुणी सांगतात, हजारो खेकडे वर आले आणि आपापली बिळं आपणच बुजवून गेले. खेकड्यांचं मला काही पटत नाही. पाणी थांबलं, एवढं मात्र सगळे सांगतात.

मग काठाशी तरंगणारी एक काडी हळूच उलट्या दिशेने, खाडीकडे निघाली. ठमाय हात धुऊन उठली. "उतरतंय," एवढंच म्हणाली.

जेवलेलं, विसावलेलं गाव एकदम उठलं. ठमाय खांडीच्या तोंडाशी चांग्याच्या जागी उभी राहिली. तिच्या कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक हाशा पाटलाने आपल्या कमरेला बांधलं होतं. दिवे लागायच्या आत खांड बुजली. त्या दिवशी टेंभरखारचं एकही माणूस गेलं नाही, आणि एका शेतावाचून एकही शेत गेलं नाही.

ते शेत तीन वर्षं पांढरं राहिलं. ती तीन वर्षं गावातल्या प्रत्येक घरातून पहिली भाकरी ठमायकडे जायची, आणि ठमा ती बांधावर नेऊन, जो भेटेल त्याला शेजारी बसवून खायची. तिथूनच ती ठमाय, म्हणजे सगळ्या गावाची आय झाली. चौथ्या वर्षी गावाने मिळून तिच्या शेतात लावणी केली. खूप म्हातारी होऊन ती गेली. असं म्हणतात, की भरतीच्या वेळी बांधावर बसलेली असतानाच गेली, आणि पाणी परतेपर्यंत कुणाला कळलंही नाही.

आजही पिठोरीच्या दुपारी आमचं गाव बांधावर पंगत मांडतं. आसपासच्या गावांत बाया संध्याकाळी उपास सोडतात, आमच्याकडे भरतीला सोडतात, आणि त्यावरून सासुरवाशिणींना माहेरी टोमणेही खावे लागतात. पण ठमायच्या नावाने गाव खरोखर जे करतं ते पिठोरीला नाही. ते वर्षभर चाललेलं असतं, आणि बाहेरच्या माणसाला दिसतही नाही.

कुणाच्या घरी मरण आलं, दुखणं आलं, घर बसलं, तर आमच्याकडे माणसं समाचाराला येऊन काय झालं, कसं झालं असं विचारत नाहीत. एकच विचारतात.

माझी बायको गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी ओटीवर बसलो होतो. शेजारचा झिपरू आला. त्याच्या हातात झाकलेलं ताट होतं. म्हणाला, "पानी चढतंय का उतरतंय?"

मी म्हटलं, "चढतंय."

 तो माझ्या शेजारी बसला, भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातात दिली आणि अर्धी स्वतः खायला लागला. रोज यायचा, रोज तेच विचारायचा. दीड महिन्याने एका सकाळी मी म्हटलं, "उतरतंय वाटतं." तेव्हा झिपरू उठला आणि माझं फावडं शोधायला घरात गेला.