टेकडीवरच्या गावाची बस

एकदा फ्रान्समधल्या एका शहराने भोवतालच्या उपनगरांसह संयुक्त मंडळ स्थापन केले. प्रत्येक गावाचा महापौर आपल्या जागी राहिला; पाणी, कचरा आणि बस यांचा कारभार मात्र एकत्र झाला. शहरात माणसे कितीही असोत, मंडळात त्याला निम्म्याहून अधिक जागा मिळणार नाहीत, असा नियम होता.

मंडळाचा अध्यक्ष शहराचाच वृद्ध महापौर होता. त्याच्याकडे एक तरुण नगरसेविका कारभार शिकत होती. टेकडीवरच्या शेवटच्या गावाची बस रिकामी धावते, म्हणून ती बंद करावी, असा ठराव तिने मांडला.

त्या गावच्या महापौरबाई उसळून म्हणाल्या, "बस गेली तर माणसेही जातील. मग मी काय, टेकडीची महापौर होऊ?"

शहराला एकच मत कमी पडत होते. तेवढ्यात एका उपनगराचा महापौर अध्यक्षाच्या कानाशी लागला. "माझे मत घ्या. बदल्यात ती बस आमच्या क्रीडांगणाकडे वळवा."

वृद्धाने उठून सभा तहकूब केली.

"महाशय, जिंकलेला ठराव सोडलात!" बाहेर येताच शिष्या चिडून म्हणाली. "निम्म्याहून जास्त माणसे आपली, आणि आपणच हात पसरायचे?"

"मलाही पूर्वी हा नियम अपमानासारखा वाटे," वृद्ध म्हणाला. "पण आपल्याला जी जागा कमी दिली आहे, ती दुसऱ्याला विचारावे लागावे म्हणून. आज एक मत घेतले असते, तर विचारायचेच राहून गेले असते."

"काय विचारायचे?"

"ते मला ठाऊक असते, तर मीच नसते का विचारले?"

महापौरबाई जिन्यावर कोटाची बटणे लावत होत्या. शिष्या क्षणभर घुटमळली, मग त्यांच्याजवळ गेली.

"मादाम, तुमची बस रिकामी का येते?"

"कारण ती उशिरा येते, बाई! आमच्या बायका तुमच्या इस्पितळात पहाटेच्या पाळीला असतात. पहिली बस सुटते, तोवर त्या अंधारात टेकडी उतरून गेलेल्या असतात. वेळापत्रक तुमच्या कचेऱ्या उघडण्याची वेळ पाहून केले आहे."

ते वेळापत्रक शिष्येनेच केले होते. तिने मागे वळून पाहिले, तर वृद्ध निघून गेला होता.

"मादाम," ती हळूच म्हणाली, "पहिली बस किती वाजता हवी?"

महापौरबाईंनी लावलेली बटणे पुन्हा सोडली आणि त्या जिन्यावरच बसल्या. शिष्याही त्यांच्याशेजारी बसली.