माशांची हजेरी

एकदा एका मुख्याध्यापकांनी घरातल्या टाकीतल्या माशांची हजेरी घ्यायला सुरुवात केली. हसू नका. माणूस मोठा सज्जन होता, आणि त्यामागचं कारणही हसण्यासारखं नव्हतं.

विश्वंभर सर त्यांचं नाव. तालुक्याच्या गावातल्या शाळेत एकतीस वर्षं काढलेली. पहिली घंटा झाली की स्वतः वर्गावर्गांतून फिरायचे. कोण आलं, कोण नाही, हे समजल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. पत्नी सहा वर्षांपूर्वी निवर्तली होती. एकुलती मुलगी शाल्मली पुण्याला नोकरीला होती. एक दिवस ती नोकरी सोडून अचानक घरी आली. बरोबर एक बॅग आणि माशांची काचेची टाकी, एवढंच. टाकी तिने बाहेरच्या खोलीत ठेवली, आठ मासे त्यात सोडले आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. ते दार मग जेवणाचं ताट आत घेण्यापुरतंच उघडायचं. का आलीस, काय झालं, या प्रश्नाला तिचं एकच उत्तर असे: "काही नाही, बाबा."

सरांनी दिवसातून तीनदा दार वाजवायला सुरुवात केली. सकाळी, संध्याकाळी, रात्री. "कुणी काही बोललं का? तब्येत बरी नाही का? मला नाही सांगायचं तर कुणाला सांगणार?" दर वेळी उत्तर तेच, पण आवाज आदल्या दिवसापेक्षा हळू. पोर हातातून निसटते आहे, या धास्तीने सरांना अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं की निदान तिचे मासे तरी जगले पाहिजेत. तिथून तिने आणलेली जिवंत वस्तू तेवढीच होती. उद्या ती बाहेर आली आणि टाकी रिकामी दिसली, तर तिला काय तोंड दाखवायचं?

मासे होते कुहली लोच नावाचे. बोटभर लांबीचे, गांडुळासारखे वळवळणारे, पिवळसर अंगावर गडद तपकिरी पट्टे आणि तोंडाशी बारीक मिशा. ही मंडळी दिवसभर तळाशी दडून बसतात. सरांना ते दिसायचेच नाहीत, आणि जे दिसत नाही ते गैरहजर, हा त्यांचा एकतीस वर्षांचा हिशेब. त्यामुळे रोज सकाळी शाळेत निघण्यापूर्वी बाही वर सारायची, टाकीत हात घालायचा, माशांना लपायला ठेवलेली करवंटी उचलायची, दगड सरकवायचे आणि मोजायचं. आठ भरले की समाधान.

बरं, एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! त्यांनी कुठेतरी वाचलं की बाजारात या एकाच नावाखाली तीन-चार प्रकारचे मासे विकले जातात. प्रकार कळल्याशिवाय निगा कशी राखणार? मग जाळीने एकेकाला वर काढून पट्टे मोजणं सुरू झालं. एकाचे अकरा भरले, दुसऱ्याचे नऊ, आणि तिसऱ्याने मोजणी होईपर्यंत अंगाची गाठ मारून घेतली. तीन आठवड्यांत मासे फिके पडले. टाकलेलं खाणं तसंच राहू लागलं. आणि एका सकाळी आठवा मासा करवंटीखाली मेलेला सापडला.

मुलीच्या बंद दाराकडे पाहायचीही सरांना हिंमत होईना. त्याच दिवशी ते नदीकाठच्या गोविंदतात्यांकडे गेले. तात्या भोई समाजातले, सरकारी मत्स्यबीज केंद्रात उभी हयात घालवलेले. वय पंचाहत्तरीच्या पुढे.

सरांनी सगळी हकीकत सांगितली. मुलीचं मात्र नावही काढलं नाही. शेवटी हात जोडून म्हणाले, "तात्या, आज मला तुमचा विद्यार्थी समजा. प्रकार तेवढा ओळखून द्या. पुढचं मी वाचून करतो."

"बघू की," तात्या म्हणाले. "रविवारी येतो."

रविवारी ते एक पोतं आणि पाण्याचा एक कॅन घेऊन आले. सात मासे त्यांनी अलगद बादलीत काढून ठेवले. टाकीतली टोकदार खडी उपसून तिथे चाळलेली मऊ वाळू पसरली. तिच्यावर फुटक्या कौलांचे तुकडे एकावर एक रचले, मध्ये फटीच फटी ठेवल्या. मग देशी बदामाची वाळलेली पानं आणि ती ज्यात भिजवली होती ते पाणी, दोन्ही टाकीत घातली. टाकीच्या तीन बाजूंना काळा कागद चिकटवला, वरचा दिवा काढून घेतला आणि मासे आत सोडले. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. क्षणार्धात सातही मासे दिसेनासे झाले.

"अहो तात्या, हे काय केलंत!" सरांचा आवाज चढला. "आधी मासे दिसत नव्हते, आता टाकीचा तळही दिसेना. मी मोजू कसे?"

"मोजायचं न्हाई."

"आणि एखादा मेला तर?"

"मेला तर वासानं कळंल. पंधरा दिवस पाण्यात हात घालायचा न्हाई. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं टाकायचं आणि शेजारी आपलं पेपर वाचत बसायचं. वाकून वाकून बघायचं न्हाई."

"मग प्रकार कसा कळायचा?"

"त्याचा तो दाखवंल," म्हणून तात्यांनी पोतं झटकलं आणि निघाले.

म्हाताऱ्याला चळ लागलाय, असं सरांना वाटलं. पण विद्यार्थी समजा, असं आपणच म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी बाही वर सारली आणि पुन्हा खाली ओढली. सहाव्या दिवशी मासे नक्की मेले असणार, अशी खात्री होऊन ते शाळेतून मधल्या सुट्टीत घरी आले, टाकीजवळ नाक नेऊन वास घेतला आणि परत गेले.

अकराव्या दिवशी, चांगल्या लख्ख उजेडात, पेपर वाचताना त्यांना कडेला हालचाल जाणवली. एक मासा पानाखालून निघाला, वाळूत मिशा खुपसून चरू लागला. पाठोपाठ दुसरा आला. तिसरा तर पुढच्या काचेवर वरपर्यंत चढला, सरांच्या नाकासमोर, आणि त्याचं फिकट पोट स्वच्छ दिसलं. पट्टे पाठीवरून उतरून कुशीवर अर्ध्यातच थांबलेले होते.

संध्याकाळी तात्या आले. काचेवरच्या माशाकडे पाहून म्हणाले, "हां, अर्ध्या पट्ट्याचा. पट्टे मोजून ह्याचा प्रकार कळत न्हाई, सर. ते कुणाला कमी, कुणाला जास्त. ते पोटाला पोचतात का, ते बघायचं. आणि पोट तो आपणहून काचेला येईल तेव्हाच दिसतं."

"पण इतकी अडगळ करून ठेवली, तरी बाहेर कसे आले?"

"तरी न्हवं, म्हणूनच आले," तात्या म्हणाले. "ह्याच्या डोळ्याखाली बारीक काटा असतो. भ्याला की तो उभा करतो, आणि तोच काटा जाळीत अडकतो. तुम्ही मायेनं सोडवाया जाता, तो आणखी गुंततो. रोज कुणीतरी डोक्यावरचं छप्पर उचलणार म्हटल्यावर त्यानं बाहेर यावं कशाला? त्याला चार बिळं जास्तीची द्या. माघारी पळायला जागा हाय हे त्याला एकदा ठाऊक झालं, की मग पुढं यायचं भ्या वाटत न्हाई."

तात्या कधी गेले, हे सरांना नीट कळलं नाही. ते उठून मुलीच्या दाराशी गेले. ही त्यांची रोजची दार वाजवायची वेळ. हात वर गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. "जेवण झाकून ठेवलंय गं. मी बाहेरच बसलोय," एवढंच म्हणाले आणि परत खुर्चीत येऊन बसले. आपण इतके दिवस पोरीला जाळीत धरून वर काढत होतो, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशीही त्यांनी काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हे किती कठीण असतं, ते ज्याच्या घरात असं दार बंद झालंय त्यालाच विचारा.

आठवडा गेला. एका रविवारी दुपारी दार वाजलं नाही, नुसतं उघडलं. शाल्मली येऊन टाकीपाशी उभी राहिली. सरांनी पेपरातून मान वर केली नाही.

"बाबा, आठही आहेत ना अजून?"

ज्या प्रश्नाची सरांना महिनाभर धास्ती होती, तो हाच. ते म्हणाले, "एक माझ्या हातून गेला, बाळ. चुकलं माझं. बाकीचे किती आहेत ते ठाऊक नाही. मी मोजले नाहीत."

"तुम्ही मोजले नाहीत? तुम्ही?" आणि ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मग तिने खुर्ची ओढली आणि टाकीच्या दुसऱ्या बाजूला बसली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, पुण्याला ना…" आणि थांबली. सरांच्या जिभेवर एकदम चार प्रश्न आले. ते त्यांनी गिळले आणि पेपराचं पान उलटलं.

ती पुन्हा बोलू लागली, आणि दिवेलागणीपर्यंत बोलत होती. काय बोलली, ते मला विचारू नका. तिला सांगावंसं वाटलं ते तिच्या वडिलांना; आपल्याला नव्हे.