गजराबाईचा उंबरा

“म्हणजे मी नियम मोडला, असं म्हणायचंय का तुम्हाला, महाराज?”

भैरवगिरी गोसावी दोरीबाहेर उभे होते.

प्रभंजन सरदेसाईंचा आवाज चढला होता. शहरातले नावाजलेले वकील ते. दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की काठाशी तंबू ठोकायचे, दिवसभर गळ टाकून बसायचे आणि संध्याकाळी वरच्या मठीत भैरवगिरींच्या पायाशी यायचे. गोसाव्यांचा शिष्य म्हणवून घ्यायला त्यांना आवडे. आज मात्र सकाळीच गोसावी आपण होऊन खाली उतरले होते आणि तंबूभोवतीच्या दोरीपाशी येऊन थबकले होते.

“बाहेर का उभे? आत या ना.”

“मला परवानगी नाही.”

वकील हसले. मग हसू मावळलं. खिशातून त्यांनी पाटबंधारे खात्याचा कागद काढला.

“हे बघा. जमीन सरकारी. गळाला बंदी नाही. आखून दिलेल्या जागेत तंबूला मुभा आहे. चूल पेटवायची नाही, मी पेटवलेली नाही. उद्या वरच्या धरणातून पाणी सुटेल, तोवर मी इथं राहू शकतो. आणि दोरी माझ्या हद्दीतच आहे. शेरडं उतरतात, पाणी ढवळतं, मासा पळतो... म्हणून बांधली.”

“सगळं बरोबर आहे.”

“मग?”

गोसाव्यांनी मान वळवून चढाकडे पाहिलं.

वर माणसं उभी होती. बायाबापड्या, चारदोन गडी. एकानं म्हातारीला पाठुंगळी घेतलं होतं. पहाटेपासून सरदेसाईंना ती माणसं दिसत होती. आपली मासेमारी बघायला जमली असावीत, असं त्यांना वाटलं होतं. थोडं बरंही वाटलं होतं.

“कोण आहेत ते?”

“पाठुंगळीवरची ती गजराबाई. धरणात गाव गेलं, त्यात तिचं घर गेलं. पाणी फार आटलं तरच तिचा उंबरा उघडा पडतो. यंदा पडलाय. त्यावर एकदा हळदकुंकू वाहायचंय तिला. पुढच्या खेपेला ती असेल, नसेल...”

“मग उतरू दे की! मी कुठं अडवलंय?”

“नाही अडवलंस. तू नियमानं बसला आहेस... म्हणून तर ते उभे आहेत.”

वकिलांनी काठावर नजर फिरवली. डावीकडे गुडघाभर गाळ. उजवीकडेही गाळच. खाली यायला घट्ट जमिनीची वाट एवढी एकच. तिच्यावरच त्यांनी तंबू ठोकला होता. घट्ट जमीन आहे म्हणूनच ठोकला होता.

ते दोरीपाशी गेले. गाठी दवानं आवळल्या होत्या, सुटेनात. मासे साफ करायची सुरी आणली आणि दोरी कापून टाकली.

“या!” त्यांनी हाक मारली. “खाली या हो!”

माणसं दबकत उतरली. त्या गड्यानं म्हातारीला पाठीवरून खाली ठेवलं. ती काठी टेकत निघाली, कुणाला काही न विचारता, आणि थेट तंबूच्या तोंडाशी येऊन थांबली.

तिथं एक लांबट, गुळगुळीत दगड होता. काल सरदेसाईंना तो फार सोयीचा वाटला होता. त्यावर त्यांच्या चपला होत्या.

तोच तिचा उंबरा होता.

“आजी... मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.” ते चपला उचलायला वाकले. “तंबू आत्ता काढतो. या क्षणी काढतो.”

आता ही बोटं मोडणार. मोडू दे. आपण ऐकून घ्यायचं... त्यांनी मान खाली घातली.

“ऱ्हाऊ दे रं चपला,” म्हातारी म्हणाली.

त्यांनी वर पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता.

“किती वरसं झाली, ह्या उंबऱ्याशी कुनाच्या चपला न्हवत्या. उजाड बघायला लागंल म्हून जीव घाबरा झाला हुता माझा. म्या आले, तर घरात मानूस हाय!”

सरदेसाई चपला तिथंच ठेवून खाली बसले.

म्हातारीनं उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, कपाळ टेकलं. बराच वेळ टेकलेलं ठेवलं. मागं पाण्यात गळाचं तरंगतं बोंड बुडालं, पुन्हा बुडालं. कुणीच तिकडं पाहिलं नाही.

“रातच्याला झोप लागली का रं?” उठता उठता तिनं विचारलं. “माझ्या घरात आल्यागेल्याला लई झ्याक झोप लागायची.”

“लागली, आजी,” वकील म्हणाले. “फार दिवसांनी लागली.”

फडक्यातल्या भाकऱ्या सुटल्या. त्यांच्याही हातावर एक आली, वर ठेचा. म्हातारी ‘आज ऱ्हा की’ म्हणत होती, तरी खाणं झाल्यावर त्यांनी तंबूच्या खुंट्या उपटल्या, कापड गुंडाळलं आणि तिच्या घराची पडवी होती ती जागा मोकळी करून दिली. बाया तिथं ऐसपैस बसल्या. हसू लागल्या.

गोसावी आता उंबऱ्याच्या आत येऊन टेकले होते. वकील त्यांच्यापाशी गेले. कागद पुन्हा हातात होता.

“महाराज, जमीन कागदावर सरकारची. घर हिचं. पाणी सगळ्यांचं. मग इथं राहायचा हक्क नेमका कुणाला?”

भैरवगिरींनी गुंडाळलेल्या तंबूकडं पाहिलं...

“ज्याला उठता येतं, त्याला.”