डब्यात जपलेल्या गोळ्या

दाढा बोलत असत त्या काळी, नरहरी हलवायाच्या तोंडात एक थोरली दाढ राहत होती. नरहरी प्रत्येक कढईतला पाक चाखून बघायचा, त्यामुळे दाढेला भोक पडलं आणि त्यात जंतूंनी बिऱ्हाड थाटलं. गाल पुरीसारखा टम्म फुगला.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. पहिल्या काही गोळ्या पोटात गेल्या तसे लेचेपेचे जंतू पटापट मेले. उरला तो खडबड्या, जाड कातडीचा. तोही धापा टाकत होता.

"दाढमावशी, आणखी थोड्या गोळ्या आल्या की माझाही कारभार आटोपला."

"आटोपू दे, मेल्या!" दाढ म्हणाली.

पण गाल उतरला होता. नरहरी बायकोला म्हणाला, "कमळे, राहिलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेव. पुढच्या वेळी कामाला येतील."

"अरे, संपव की बाबा!" दाढ जिवाच्या आकांतानं ओरडली. नरहरीला ती बारीकशी कळ वाटली. त्यानं लवंग दाबली.

खडबड्याला पोरं झाली, सगळी बापाच्याच कातडीची. गाल पुन्हा फुगला. डब्यातली गोळी ऐटीत आत आली, तर पोरं दारातच उभी.

"या आत्याबाई! दमला असाल, पाणी देऊ?"

शेवटी पकड आली. डॉक्टरीणबाईंच्या ट्रेमध्ये पडल्या पडल्या दाढेनं ऐकलं. नरहरी बोळा चावत, बोबड्या आवाजात बायकोला सांगत होता, "उरलेल्या गोळ्या टाकू नकोस हं. तुझ्या भावाची दाढ दुखतेय ना?"

दाढेच्या भोकात कुणीतरी खुदकन हसलं.